आत्याच्या बोटांसाठी केलेला विंगस्पॅनचा ट्रे आणि पंचाहत्तर अंडी

माझ्या आत्याकडे चिपळूणला विंगस्पॅन या पक्ष्यांच्या बोर्डगेमचा बॉक्स दीड वर्षं कपाटावर पडून होता. आतेभावाने न्यू जर्सीहून येताना मुद्दाम आईसाठी आणलेला, कारण आत्या आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत आली आणि पक्षी हा तिचा जीव की प्राण. सुरुवातीला तो होता तेव्हा महिनाभर रोज खेळले, मग तो परत गेला, मधे घर बदललं त्यात गेमबरोबरचे प्लास्टिकचे डबे कुठे गेले ते कळलंच नाही, सगळं झिपवाल्या पिशव्यांत भरलं गेलं आणि खेळणं बंद पडलं. मी गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा सहज विचारलं, तर म्हणाली, "अगं मांडेपर्यंतच दमायला होतं, आणि त्या पिशव्यांत माझी बोटं जात नाहीत." आत्या त्र्याहत्तरची, दोन्ही हातांना संधिवात, उजव्या हाताची पहिली दोन बोटं पूर्ण वाकत नाहीत, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं.

मी गेली चार-पाच वर्षं स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या गेमसाठी घरीच ऑर्गनायझर, म्हणजे बॉक्सच्या आत सगळं लावून ठेवायचे खणांचे ट्रे, बनवते. हे प्रकरण नीट लिहून ठेवावंसं वाटलं कारण यात मी आधी केलेलं बरंचसं चुकीचं निघालं आणि का चुकलं ते मला प्रत्यक्ष बघायला मिळालं.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी डिझाइन केलेला, २०१९ साली आला, त्याच वर्षी जर्मनीतलं केनरश्पील देस यारेस हे बक्षीस मिळालं. एक ते पाच जण खेळतात. मूळ बॉक्समध्ये उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची १७० कार्डं, २६ बोनस कार्डं, खाण्याच्या १०३ गोल चकत्या (किडे, दाणे, मासे, फळं, उंदीर), पाच लाकडी फासे, ४० ठोकळे आणि ७५ छोटी प्लास्टिकची अंडी. अंडी म्हणजे या गेमचं वैभव, बॉक्स उघडला की माणूस आधी त्यांनाच हात लावतो. पक्षी आणायचा तर खाणं द्यायचं, बहुतेक वेळा अंडीही मोडायची, असा सगळा हिशोब.

पहिल्या दिवशी मी काहीच मोजलं नाही, फक्त आत्या, तिची नऊ वर्षांची नात आणि मी असा एक डाव मांडला आणि फोनवर वेळ लावली. मांडायला बावीस मिनिटं लागली. प्रत्येकाला आठ ठोकळे, पाचही प्रकारचं एकेक खाणं, पाच पक्षी, दोन बोनस, म्हणजे माणशी वीस वस्तू, तिघांच्या साठ, आणि त्यातल्या बहुतेक पिशव्या उपसून शोधायच्या. पण खरी अडचण त्यानंतरची होती आणि ती मला आधी दिसलीच नव्हती. चार फेऱ्यांत प्रत्येकाच्या आठ, सात, सहा, पाच अशा एकूण सव्वीस खेळ्या होतात, तिघांच्या अठ्ठ्याहत्तर, आणि जवळपास प्रत्येक खेळीत काहीतरी बारीक वस्तू उचलायची किंवा परत टाकायची असते. आत्या अंडं उचलताना ते कोपऱ्यात ढकलायची, मग कोपऱ्यातून निघेना, मग दुसरा हात लावायची. तिसऱ्या फेरीत तिने हळूच नातीला सांगितलं, "माझं तू घे गं." तिथे मला कळलं की बॉक्स का बंद राहिला.

तरीसुद्धा डोंबिवलीला परत येऊन मी केलं काय, तर सवयीने आधी बॉक्स मोजला. ऑर्गनायझर म्हणजे सगळं नीट बसलं पाहिजे, झाकण सपाट लागलं पाहिजे, उभा ठेवला तरी सांडायला नको, हेच डोक्यात. आतून साधारण २९० मिलिमीटरचा चौकोन, आणि वर बोर्ड आणि नियमांची पुस्तकं ठेवून खाली उरलेली उंची ४२. घरात पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड होता, तोच वापरला. पाच मिलिमीटरच्या भिंती किती जागा खातात हे कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही, एका ओळीत पाच खण म्हणजे सहा भिंती, तीस मिलिमीटर तिथेच गेले, उरलेल्या २६० चे पाच भाग म्हणजे ५२ चा खण. तीन मिलिमीटरचा बोर्ड घेतला असता तर अठराच गेले असते. खण ५२ रुंद आणि तळाचे पाच सोडून चांगला ३७ खोल केला, कारण उंची होती ना तेवढी. फेविकॉल, टाचण्या, सरळ काटकोनी कोपरे, दिसायला फार सुरेख झालं होतं ते.

ते घेऊन जूनच्या शेवटी चिपळूणला गेले आणि दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आत्याने खणात हात घातला आणि तिची बोटं तळापर्यंत पोचली पण वर येताना चकती निसटत राहिली. ३७ खोल, ५२ रुंद, म्हणजे विहिरीतून बादली काढल्यासारखं. आपण चिमटीत धरून उचलतो, तिला चिमटी होत नाही, ती बोटाने वस्तू भिंतीला टेकवते आणि घसरवत वर आणते, आणि काटकोनी कोपऱ्यात ते शक्यच नाही. दुसरी गोष्ट पावसाची. फोमबोर्डला दोन्ही बाजूंनी कागद असतो, तो कोकणातल्या हवेत दमट झाला आणि लांब भिंती धनुष्यासारख्या वाकल्या, झाकण लागेना. त्यात आतेभावाने तिकडून कार्डांना स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पातळ कव्हरं, पाठवल्या होत्या, ओल धरू नये म्हणून, आणि नातीने प्रेमाने सगळ्या १७० कार्डांना त्या चढवल्या. नुसती १७० कार्डं मी मोजली तेव्हा ५२ मिलिमीटर भरली होती, दोन गठ्ठे २६ चे, आरामात बसत होते. स्लीव्हसकट तीच ८५ वर गेली, दोन गठ्ठे केले तरी ४३ च्या जवळपास, म्हणजे तळ धरून कुठल्याच हिशोबात बसेनात. रुंदीही ५७ ची साठच्या पुढे गेली. स्लीव्ह घालणार का हा प्रश्न मोजपट्टी काढायच्या आधी विचारायचा असतो, तो मी विचारला नव्हता.

मग एका संध्याकाळी आत्या स्वयंपाकघरात फोडणी देत होती आणि मी ओट्याला टेकून उभी होते. तिने मिसळणाचा डबा उघडला, मोहरी घेतली, हळद घेतली, एका बोटाने वाटीच्या कडेला ओढून चमच्याशिवाय. मला काही बोलायची वेळच आली नाही, तीच म्हणाली, "असं कर ना. मिसळणाच्या डब्यासारखं. यात मला कधी अडचण येत नाही बघ." पन्नास वर्षं ज्या भांड्यात तिचा हात न बघता जातोय ते समोर होतं आणि मी बॉक्सच्या कोपऱ्यांशी झगडत होते.

दुसरा ट्रे मी पूर्ण नव्याने केला, आणि यावेळी आधी हात मोजला. आत्याची वाकलेली बोटं किती रुंद जागा घेतात, किती खोलीपर्यंत सहज जातात. खोली २५ च्या वर नको हे ठरलं, रुंदी निदान ७०. मटेरियल बदललं, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून तीन मिलिमीटरचा पीव्हीसीचा सनबोर्ड आणला, याला कागद नसतो त्यामुळे पाऊस त्याचं काही करत नाही. कापायला थोडा चिवट, एका दमात कापायला गेलं की कटर तिरका जातो आणि कड पसरट होते, म्हणून स्टीलची पट्टी धरून हलक्या हाताने तीन-चार फेऱ्या, आणि ब्लेडचं टोक दर सात-आठ कापांनंतर तोडायचं. यावर फेविकॉल नीट धरत नाही, फेविक्विक धरतं पण लगेच धरतं, एकदा वाकडं चिकटलं की चिकटलं. म्हणून सुताराचा छोटा गुण्या लावून, भिंत आधी कोरडी उभी करून, खालून फक्त दोन थेंब सोडायचे आणि सरळ आहे याची खात्री झाल्यावर कडेने बारीक रेघ. एक सांगून ठेवते, हेच फेविक्विक साध्या थर्माकोलवर घालू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, स्प्रे पेंटचंही तेच.

आता वाटीचा गोलावा. सनबोर्ड गोल वाकवायला गरम करावा लागतो, ते घरी नको वाटलं. त्याऐवजी पारदर्शक प्लास्टिकच्या फाइलच्या कव्हरच्या पट्ट्या कापल्या, खणाच्या रुंदीला दोन्ही बाजूंची उंची मिळवून त्यापेक्षा जरा कमी लांबीच्या, आणि इंग्रजी यू सारख्या वाकवून खणात बसवल्या. त्या प्लास्टिकला गोंद धरत नाही पण गरजही पडली नाही, पट्टी स्वतःच्या ताणाने भिंतींना टेकून बसते आणि वरच्या बाजूला मी दोन मिलिमीटरची कड सोडली होती त्याखाली अडकते. धुवायची झाली तर ओढून काढता येते. पट्टी थोडी लांब झाली तर मधे फुगते, थोडी कमी पडली तर सैल हलते, मी पहिल्या खणासाठी पाच पट्ट्या कापल्या तेव्हा सहावी बसली, मग तिच्यावरून बाकीच्या.

मांडणीही बदलली. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ट्रेमध्ये सगळी अंडी, सगळं खाणं एका जागी मधोमध असतं, त्यामुळे टेबलाच्या कडेला बसलेल्या माणसाला दर वेळी वाकायला लागतं. हे तिघं खेळतात, म्हणून ७५ अंड्यांच्या तीन वाट्या केल्या, पंचवीस पंचवीसच्या, ज्याची त्याच्यासमोर. आणि माणशी एक ताटली, त्यात आठ ठोकळे आणि पाच प्रकारचं एकेक खाणं डाव संपल्यावर परत भरूनच ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी बॉक्स उघडला की पान वाढलेलंच. चौथ्या-पाचव्या खेळाडूचे ठोकळे पिशवीत तळाशी. पाच जणांसाठी केलं असतं तर सगळंच अर्ध्या आकाराचं झालं असतं आणि आत्याचा हात गेला नसता, हा निर्णय घ्यायला मला वेळ लागला कारण डिझाइन अपूर्ण वाटत होतं. तसंच गेममधलं फासे टाकायचं पुठ्ठ्याचं बर्डफीडर (पक्ष्यांना दाणे ठेवायचं घर), ते दर वेळी सुटं करून जोडायचं आत्याला जमत नव्हतं, ते जोडलेलंच ठेवलं, बॉक्सच्या बाहेर, चपलांच्या एका जुन्या खोक्यात. सगळं एकाच बॉक्समध्ये बसलं पाहिजे हा हट्ट सोडला तेव्हाच जागा मोकळी झाली. कार्डांचे तीन गठ्ठे, स्लीव्हसकट प्रत्येकी २९ च्या आत, खण ६४ रुंद, आणि पुढच्या भिंतीला अंगठा जाईल अशी अर्धगोल खाच.

खाण्याच्या खणांवर चित्रं काढायची होती, कोणता खण कशाचा ते लांबून कळावं म्हणून. आधी तळाला काढली, सुंदर झाली, आणि चकत्या भरल्या की दिसेनाशी झाली. मग पुढच्या कडेवर काढली, अकरा मिलिमीटरची पट्टी, त्यावर अळी, ज्वारीचं कणीस, मासा, करवंदं आणि उंदीर. करवंद गेममध्ये नाही पण आत्याच्या अंगणामागे आहे. कणसाचे दाणे टूथपिकने ठिपके देऊन केले, ब्रशपेक्षा टूथपिकचा ठिपका जास्त गोल येतो, दर तीन ठिपक्यांनी टोक पुसायचं. जमीन फिकट पिवळी आणि चित्र गडद, कारण आत्याला आता रंगापेक्षा उजेड-अंधारातला फरक लवकर दिसतो.

आणि अंडी. ती रंगवायची मूळ योजना नव्हती, पण कडेची चित्रं बघून आत्या म्हणाली की ही अंडी खऱ्या अंड्यांसारखी नाहीत, मला नेहमी खटकतं. गेमच्या नियमात अंड्याच्या रंगाला काही अर्थ नाही, त्यामुळे रंगवलं तरी खेळात काही बिघडत नाही, हे मी आधी तपासलं. आम्ही पाच पक्षी निवडले, प्रत्येकी पंधरा अंडी. टिटवी, बुलबुल, सातभाई, कावळा आणि खंड्या. संदर्भ म्हणजे फोटो आणि आत्याची आठवण, खऱ्या घरट्याच्या वाटेला गेलो नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांशी, घरट्यांशी छेडछाड करणं शिकारीच्या व्याख्येतच येतं आणि तसंही घरट्याजवळ जाऊ नये असं आत्या आम्हाला लहानपणापासून सांगत आलीय.

आत्याने मला रंगवायच्या आधी एक तास शिकवलं, आणि त्या तासाचा उपयोग ब्रशपेक्षा जास्त झाला. पक्ष्यांच्या अंड्यांवरचे सगळे रंग मुळात दोनच रंगद्रव्यांतून येतात, निळा-हिरवा बिलिव्हर्डिनमधून आणि तांबूस-तपकिरी प्रोटोपॉर्फिरिनमधून. म्हणून खऱ्या अंड्यावर भडक पिवळा किंवा जांभळा दिसत नाही. खंड्या नदीकाठच्या बिळात अंडी घालतो, अंधारात लपवायची गरज नाही, त्यामुळे शुभ्र पांढरी आणि जवळपास गोल. टिटवी उघड्या माळावर खड्यांत घालते म्हणून खड्यांसारखीच. सातभाईंची गर्द निळी-हिरवी, एकही डाग नाही. बुलबुलची गुलाबीसर, विटकरी ठिपक्यांची, रुंद टोकाकडे ठिपके दाट.

अंडं चिंचोक्याएवढं. भांड्याच्या साबणाने धुतली, दोन दिवस वाळवली, आइस्क्रीमच्या काडीवर दुहेरी टेप लावून पाच-पाच उभी केली, पंधरा काड्या. आधी प्रायमर, मग पातळ अ‍ॅक्रिलिकचे दोन हात. टिटवीला सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी मी सरळ खाकीवर काळे डाग दिले तर ते कलिंगडाच्या बिया टाकल्यासारखे वर तरंगत होते. आत्याने फोटो मोठा करून दाखवला, खऱ्या अंड्यावर काही डाग कवचाच्या आतल्या थरात असतात, ते राखाडी, अस्पष्ट दिसतात, आणि काही अगदी वर, ते गडद. मग पद्धत बदलली. स्पंजच्या तुकड्याने आधी राखाडी-जांभळट पुसट डाग, त्यावर खाकीचा अगदी पाण्यासारखा हात, तो वाळला की जुन्या ब्रशचे केस वेडेवाकडे कापून त्याने काळपट तपकिरी. एकदम ते अंडं जमिनीवरचं वाटायला लागलं. कावळ्याची त्यामानाने सोपी, फिकट निळसर-हिरव्यावर टूथब्रशने तपकिरी शिंतोडे उडवले, पण आधी कागदावर दोन झटके मारून ब्रश हलका करायचा, नाहीतर पहिलाच थेंब पूर्ण अंडं झाकतो.

मग जुलैमध्ये मी घाई केली. दुसऱ्या दिवशी चिपळूणला निघायचं होतं म्हणून बाहेर संततधार असताना गॅलरीत मॅट वार्निशचा स्प्रे मारला. अर्ध्या तासात सगळ्या अंड्यांवर पांढरं धुकं. हवेतली ओल वार्निशच्या थरात अडकते आणि असं होतं, मला माहीत होतं, तरी मारला. टिटवीच्या गडद डागांवर तर ते पीठ उडाल्यासारखं दिसत होतं. त्या रात्री काहीच केलं नाही, जाणं पुढे ढकललं. नंतर एका अंड्यावर ब्रशने ग्लॉस वार्निशचा हात देऊन बघितलं, तर धुकं विरघळल्यासारखं गेलं आणि खालचा रंग परत आला. मग सगळ्या गडद अंड्यांना तसं केलं, वर ब्रशनेच मॅटचा पातळ थर. सातभाई आणि खंड्याला ग्लॉसच ठेवला, खरी अंडीही तशी चकचकीतच असतात. पंचाहत्तर अंड्यांना परत हाताने वार्निश म्हणजे तीन रात्री गेल्या.

कावळ्याच्या पंधरा अंड्यांपैकी दोन मी वेगळी केली, जरा राखाडी हिरवी, डाग किंचित तांबूस, आणि कुणाला सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये नेलं. पहिल्या डावाला मांडायला सहा मिनिटं लागली, त्यातली दोन नातीने ताटल्यांचे रंग वाटून घेण्यात घालवली. आत्याने पहिलं अंडं घेतलं तेव्हा मी मुद्दाम तिच्या हाताकडेच बघत होते, एक बोट, वाटीच्या कडेने घसरवत वर, तळहातात. काही थांबली नाही, बोलत बोलत घेतलं. पूर्ण डावात तिने नातीला काही उचलायला सांगितलं नाही. एक त्रुटी राहिली, पट्ट्यांचं प्लास्टिक जरा जास्तच गुळगुळीत असल्यामुळे चकत्या कधीकधी एकमेकींवर चढतात आणि एकीऐवजी दोन येतात, त्यासाठी पट्टीला आतून बारीक पॉलिश पेपर मारून बघणार आहे. आणि आशियातल्या पक्ष्यांची ९० कार्डांची जोड २०२२ साली आलीय, ती आतेभाऊ दिवाळीला आणणार म्हणतोय, त्याची जागा मी सोडलेली नाही, तेव्हा कार्डांचा खण परत करावा लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो तर आत्या वाटी घेऊन उजेडात खिडकीशी बसलेली. कावळ्याची अंडी एकेक करून ताटलीत काढत होती. दोन बाजूला ठेवली, चष्मा वर केला आणि मला हाक मारली, "ही कोकिळेची ना?"